पाट्या उतरल्यानंतरचा रस्ता

अटलांटातल्या व्हाइटहॉल स्ट्रीटवरच्या एका दुमजली इमारतीचा फोटो जॉर्ज बार्नार्डने १८६४ मध्ये काढला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या फौजेने शहर नुकतंच घेतलं होतं आणि बार्नार्ड त्या फौजेबरोबर आलेला छायाचित्रकार होता. इमारतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आहे: इथे लिलाव होतात, निग्रो विकले जातात. शेजारच्या दुकानाची पाटी काचसामानाची आणि चिनी मातीच्या भांड्यांची. लिलावघराच्या दाराशी उत्तरेच्या फौजेच्या गणवेशातला एक कृष्णवर्णीय सैनिक काहीतरी वाचत बसला आहे. गुलामाला अक्षर शिकवणं ज्या जॉर्जियात गुन्हा होता, तिथे, भर बाजारपेठेत. त्या काळच्या ओल्या काचपट्टीला काही सेकंदांचं एक्सपोजर लागायचं, तेव्हा माणूस ठरवून स्थिर बसला आहे, हे उघड आहे. पुढे नोव्हेंबरात शर्मनने शहराचा बराच भाग जाळून समुद्राकडे कूच केलं. ज्या युद्धाचा निकाल जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’च्या १८७३ मधल्या अर्पणपत्रिकेमागे उभा आहे, त्याच युद्धातला हा फोटो.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शहरांचं छायाचित्रण, म्हणजे रिचमंडपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत आणि सव्हानापासून मेम्फिसपर्यंतच्या मध्यवस्त्यांचं, डाउनटाउनचं छायाचित्रण, या फोटोपासून मोजावं असं मला वाटतं. पुढच्या शंभर वर्षांत तिथे जे जे उत्तम काम झालं, त्यात याच फोटोतल्या तीन गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात: भिंतीवरची पाटी, दार, आणि त्या दाराशी असलेला माणूस. कोण कुठल्या दाराने आत जातो, हा या शहरांचा मूळ प्रश्न होता आणि तो रस्त्यावर उभं राहून टिपता येत होता. आज तो तसा टिपता येत नाही. आजच्या कामाची बरीचशी अडचण आणि बरीचशी आळशी सुंदरता या एका बदलातून आली आहे.

आधी इमारतींच्या फोटोंचं पाहू, कारण संख्येने तेच सर्वांत जास्त आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीने शहरोशहरीच्या दृश्यांची पोस्टकार्डं घरोघर पोचवली. न्यू ऑर्लिन्सची कॅनाल स्ट्रीट, धक्क्यावर रचलेल्या कापसाच्या गाठी, नवी हॉटेलं. शहराचं ‘प्रेक्षणीय स्थळ’ कसं दिसावं याचा साचा तिथेच पडला: थोड्या उंचीवरून, स्वच्छ उजेडात, माणसं मुंग्यांएवढी. लुइस हाइन नावाचा एक माणूस त्याच सुमारास त्याच शहरांच्या फुटपाथवर पेपर विकणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या पोरांचे फोटो त्यांच्या उंचीवर वाकून काढत होता; पण तो बालमजुरीविरुद्धचा पुरावा गोळा करत होता आणि पोस्टकार्डाच्या धंद्याला त्याचा उपयोग नव्हता.

१९३० च्या दशकात फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन या सत्तरीकडच्या बाईंनी कार्नेगी संस्थेच्या पैशावर दक्षिणेतल्या नऊ राज्यांत हिंडून जुन्या इमारतींचे सात हजारांहून अधिक फोटो घेतले. त्या फक्त जमीनदारांच्या वाड्यांपुरत्या थांबल्या नाहीत; गोदामं, साधी घरं, खानावळीही त्यांनी टिपल्या. पडझडीला आलेल्या वास्तूंची ही नोंद किती मोलाची होती, हे पुढे सव्हानात दिसलं. तिथे १९५४ मध्ये जुनी मंडई पाडून पार्किंगची इमारत उभी केली गेली, तेव्हा संतापलेल्या नागरिकांनी दुसऱ्याच वर्षी वारसा जपणारी संस्था काढली. आज सव्हानाचे जे चौक पर्यटक टिपतात, ते टिकले याचं बरंचसं श्रेय त्या संतापाला आहे. आपल्या काळात कॅरल हायस्मिथ हेच काम देशभर करते आहे आणि आपले फोटो हक्कमुक्त करून लायब्ररी ऑफ काँग्रेसला देते आहे. अलाबामा राज्याचा तिचा संग्रह प्रचंड आहे. या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण तिच्या चौकटीत माणूस बहुधा अडथळा असतो. गाडी निघून जाईपर्यंत थांबायचं, माणूस वळणापलीकडे जाईपर्यंत थांबायचं, मग शटर दाबायचं. इमारत वाचते, रस्ता हरवतो.

वॉकर एव्हन्सने हे कोडं वेगळ्या रीतीने सोडवलं. सरकारी नोकरीत १९३५-३६ साली तो आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा भलाथोरला कॅमेरा तिपाईवर लावून व्हिक्सबर्ग, सेल्मा, अटलांटा, न्यू ऑर्लिन्स, सव्हाना असा फिरला. त्याने इमारतींकडेच पाहिलं, पण त्यांच्यावर लिहिलेलं वाचलं. न्यू ऑर्लिन्समधलं पट्ट्यापट्ट्यांनी रंगवलेलं केशकर्तनालय, सव्हानातल्या एका फोटो स्टुडिओच्या काचेमागचे शेकडो चिमुकले चेहरे, आणि अटलांटातली ती दोन जुळी लाकडी घरं, ज्यांच्यापुढे सिनेमाची पोस्टरं लागली आहेत आणि एका पोस्टरवर कॅरल लोम्बार्डचा एक डोळा काळानिळा झालेला आहे. घराच्या सज्जाच्या लंबगोल कमानी आणि खाली तो सुजलेला डोळा. एव्हन्स काही म्हणत नाही. चित्रात जे होतं तेवढंच ठेवतो आणि बाजूला होतो. या कोरडेपणाने पुढच्या तीन पिढ्या झपाटल्या. मला मात्र त्याची व्हिक्सबर्गच्या फुटपाथवरची माणसं नेहमी जरा दूर वाटतात. दुकानाच्या दर्शनी भागाला जितकं लक्ष मिळालं, तितकं दुकानापुढे टेकलेल्या माणसांना मिळालेलं नाही.

ती उणीव जॅक्सन शहरातली एक तरुण मुलगी त्याच वर्षांत भरून काढत होती. युडोरा वेल्टी पुढे मोठी कथाकार झाली. तेव्हा ती एका सरकारी योजनेची प्रसिद्धी करायला मिसिसिपीभर फिरत होती आणि साध्या कॅमेऱ्याने फोटो काढत होती. दुकानांच्या काचा न्याहाळणाऱ्या बायका, शनिवारी बाजाराला आलेली कुटुंबं, नटूनथटून फिरायला निघालेल्या मैत्रिणी. तिची मांडणी एव्हन्सइतकी बिनचूक नाही, काही फोटो चक्क हललेले आहेत. पण समोरची माणसं तिच्याकडे बघतात, हसतात, दुर्लक्ष करतात; ती गावातलीच आहे हे त्यांना माहीत आहे. हे फोटो पुस्तकरूपाने यायला १९७१ साल उजाडलं. वेल्टी गोरी होती, आणि कृष्णवर्णीय माणसांनी तिला इतकं सहज सामोरं जाण्यात त्या काळची सक्तीची अदब किती होती, हा प्रश्न आज विचारला जातो. विचारायलाच हवा. तरी तिचा फोटो पाहताना समोरच्या बाईचं काहीतरी चाललं होतं आणि छायाचित्रकार मध्येच आली, असं वाटत राहतं. रस्त्याच्या छायाचित्रणात याहून मोठं यश मला माहीत नाही.

ज्यांचा रस्ता होता त्यांचे स्वतःचे छायाचित्रकारही होते, आणि हा भाग इतिहासात फार उशिरा आला. साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात रिचर्ड सॅम्युएल रॉबर्ट्स याचा १९२० ते १९३६ या काळात स्टुडिओ होता. शिक्षक, व्यापारी, नवरा-नवरी, शाळेची बँड पथकं, सगळा कृष्णवर्णीय मध्यमवर्ग त्याच्यापुढे येऊन बसला. त्याच्या काचपट्ट्या घराच्या जोत्याखालच्या पोकळीत दशकानुदशकं पडून होत्या; त्यातून तीन हजारांवर प्रतिमा हाती लागल्या आणि १९८६ मध्ये पुस्तक निघालं. मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर हुक्स बंधूंचा स्टुडिओ १९०७ पासून होता. एव्हन्सच्या फुटपाथवर नुसती टेकलेली माणसं इथे नावागावासह, ठेवणीतल्या कपड्यांत दिसतात. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहायची सवय समीक्षकांना अजूनही लागलेली नाही.

पाटीचा फोटो सर्वांत धारदार झाला तो १९३९ ते १९६४ या पंचवीस वर्षांत. मॅरियन पोस्ट वोलकॉटने १९३९ मध्ये मिसिसिपीतल्या बेल्झोनी गावी सिनेमागृहाची बाजूची भिंत टिपली. बाहेरून चढणारा जिना, कृष्णवर्णीयांना दहा सेंट असा दर, जिन्यावर एकटा माणूस, त्याची भिंतीवर पडलेली ठसठशीत सावली, खालच्या दारावर फक्त गोऱ्या पुरुषांसाठी असल्याची सूचना, आणि भिंतभर रंगवलेली शीतपेयाची जाहिरात, आयुष्य चांगलं करण्याचं आश्वासन देणारी. दुपारच्या उन्हाशिवाय हा फोटो झाला नसता. दक्षिणेतलं कडक ऊन छायाचित्रकारांना सहसा नकोसं वाटतं. वोलकॉटने त्या उन्हालाच कामाला लावलं.

गॉर्डन पार्क्स १९५६ मध्ये ‘लाइफ’ मासिकासाठी अलाबामातल्या मोबील शहरी गेला आणि त्याने रंगीत फिल्म वापरली. एका मोठ्या दुकानापुढे, फिकट रंगाच्या सुंदर पोशाखातली एक बाई आणि तिच्याबरोबरची छोटी मुलगी. वर लाल निऑनच्या अक्षरांत कृष्णवर्णीयांसाठीचं प्रवेशद्वार दाखवणारी पाटी. बाईच्या खांद्यावरून आतल्या कपड्याचा पट्टा किंचित घसरला आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोत वर्णभेद कायमचा इतिहासजमा वाटतो. इथे तो तुमच्या-माझ्या एखाद्या खरेदीच्या संध्याकाळसारखा दिसतो आणि म्हणून जास्त सलतो. ‘लाइफ’ने या कामातला काही भागच छापला. पार्क्सच्या मृत्यूनंतर, २०१२ मध्ये, त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानला एका जुन्या खोक्याच्या तळाशी दोनशेहून अधिक रंगीत पारदर्शिका सापडल्या. आज पार्क्सची जी थोरवी आपण मानतो, तिचा मोठा हिस्सा या खोक्यातून आला आहे.

रॉबर्ट फ्रँकच्या न्यू ऑर्लिन्समधल्या ट्रॉलीबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की नव्याने सांगण्यासारखं थोडंच उरलं. नोव्हेंबर १९५५. कॅनाल स्ट्रीटवर तो मिरवणूक टिपत होता, मागे वळला, समोरून ट्रॉली चालली होती. पुढच्या खिडक्यांत गोरे, मधे मुलं, मागच्या खिडक्यांत कृष्णवर्णीय. काही आठवड्यांनी माँटगोमेरीत रोझा पार्क्सने बसमधली जागा सोडायला नकार दिला. इथे पाटी नाही, हे मात्र लक्षात घ्यावं. खिडक्यांचा क्रमच सगळं सांगतो. पुढे येणाऱ्या काळाला ज्या कसबाची गरज पडणार होती, ते फ्रँकने इथे वापरून दाखवलं.

नंतर नागरी हक्कांच्या चळवळीने रस्ता पेटला. डॅनी लायन विद्यार्थी संघटनेचा छायाचित्रकार म्हणून अटलांटात आणि जॉर्जियाभर आत शिरून काम करत होता. चार्ल्स मूर १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या केली इंग्रॅम पार्कजवळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांच्या अगदी जवळ उभा होता. दुरून लांब लेन्सने टिपणं त्याला मान्य नव्हतं आणि त्याचे फोटो पाहताना आपणही भिजतो. त्याच दिवसांत असोसिएटेड प्रेसच्या बिल हडसनने एका तरुणाच्या अंगावर गेलेला पोलिसी कुत्रा टिपला. आज त्याच बागेत त्या फोटोवरून घडवलेलं शिल्प उभं आहे. शिल्पात मुलगा लहान झाला आहे, पोलीस धिप्पाड. पर्यटक येतात आणि त्या शिल्पाचे फोटो काढतात. रस्त्याचा फोटो झाला, फोटोचं प्रेक्षणीय स्थळ झालं, स्थळाचे पुन्हा फोटो झाले. आणि प्रत्येक टप्प्यावर चित्र अधिक सोपं होत गेलं. हडसनच्या मूळ फोटोत मागे बघ्यांची गर्दी आहे, कुणी नुसतंच पाहतंय, कुणी वळून चाललंय. शिल्पाला गर्दी परवडत नाही.

अर्नेस्ट विदर्सचं उदाहरण याहून अवघड. बील स्ट्रीटवरचा हा छायाचित्रकार मेम्फिसच्या पहिल्या कृष्णवर्णीय पोलिसांपैकी एक होता. ब्लूज गायक, बेसबॉल, लग्नं, मोर्चे, सगळं त्याने टिपलं. सफाई कामगार ‘मी माणूस आहे’ असं लिहिलेले फलक घेऊन क्लेबॉर्न टेंपलपुढे उभे आहेत, तो २८ मार्च १९६८ चा फोटो त्याचाच. नेमक्या एका आठवड्याने, ४ एप्रिलला, याच शहरातल्या लोरेन मोटेलच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. विदर्स २००७ मध्ये गेला, आणि २०१० मध्ये स्थानिक वृत्तपत्राने उघड केलं की तो एफबीआयला चळवळीची माहिती पुरवत होता. या बातमीने त्याचे फोटो खोटे ठरत नाहीत. मात्र ‘आतला माणूस’ या पदवीकडे पाहण्याची आपली भाबडी नजर तिने संपवली. ज्याला सगळ्या दारांतून आत घेतात, तो बाहेर जाऊन काय करतो, हा प्रश्न समीक्षेला आता टाळता येत नाही. क्लेबॉर्न टेंपलची वास्तू २०२५ च्या एप्रिलमध्ये आगीत भस्मसात झाली, त्यामुळे विदर्सच्या फोटोचं वजन आणखी वाढलं आहे.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने पाट्या उतरवल्या. वाटण्या मात्र राहिल्या. त्या आता सिमेंटमध्ये ओतल्या गेल्या. न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबॉर्न अव्हेन्यू हा कृष्णवर्णीय व्यापाराचा आणि मार्डी ग्रा उत्सवाच्या सहलींचा सावलीतला रस्ता होता. १९६६ मध्ये महामार्गाच्या उन्नत पुलासाठी त्याचे ओक वृक्ष तोडले. अटलांटात ऑबर्न अव्हेन्यूच्या, जिथे किंग जन्मले त्या वस्तीच्या, मधोमध महामार्ग गेला. बील स्ट्रीटभोवतीची वस्ती नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली जमीनदोस्त झाली आणि रस्ता १९८३ मध्ये मनोरंजन केंद्र म्हणून पुन्हा उघडला. अटलांटात वास्तुकार जॉन पोर्टमनने पीचट्री सेंटरच्या इमारती वरच्या वर काचेच्या पुलांनी जोडल्या. वातानुकूलित गाडीतून वातानुकूलित दालनात, आणि तिथून पुलावरून पुढच्या दालनात. फुटपाथवर उतरायचं कारणच उरलं नाही. ज्यांच्याकडे गाडी नव्हती, ते खाली राहिले.

याचा फोटो कसा काढायचा? उन्नत पुलावर कुणी पाटी लावलेली नसते. पार्किंगची मोकळी जागा पाहून तिथे काय पाडलं हे कळत नाही. छायाचित्रकाराच्या हातातला सर्वांत सोपा पुरावा गेला, आणि इथूनच दोन वाटा फुटल्या.

एक वाट विल्यम एगल्स्टनची. मेम्फिसचा, पैसेवाल्या घरातला, १९३९ सालचा जन्म. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जॉन सारकोव्हस्कीने १९७६ मध्ये त्याचं रंगीत प्रदर्शन भरवलं तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी त्याला क्षुल्लक ठरवलं. त्याने डाय-ट्रान्सफर पद्धत वापरली, म्हणजे एकाच प्रतिमेचे तीन वेगवेगळे साचे करून कागदावर एकावर एक तीन रंग चढवायचे. जाहिरात व्यवसायातली ही महागडी पद्धत रंगाला असा काही गडदपणा देते की पेट्रोलपंपाचा लाल रंगही धमकावू लागतो. कोडॅकने नव्वदच्या दशकात तिचं साहित्य बनवणं बंद केलं. एगल्स्टनच्या मेम्फिसमध्ये प्रेक्षणीय स्थळं जवळजवळ नाहीत. पार्किंगमधल्या गाड्या, उघडे फ्रीझर, बंद दुकानं, कडेला उभी असलेली बाई. राजकारण टाळल्याचा आरोप त्याच्यावर वारंवार झाला. मला तो अर्धाच पटतो. ज्या शहरात चालायला जागा उरली नाही, ते शहर त्याने पहिल्यांदा जसंच्या तसं दाखवलं. ओसाडपणाला त्याने शोकगीत केलं नाही. त्याच्या १९८९ च्या ‘द डेमोक्रॅटिक फॉरेस्ट’ला प्रस्तावना युडोरा वेल्टीने लिहिली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. पन्नास वर्षांच्या अंतरावरून तिने ओळखलं की रस्ता तोच आहे.

दुसरी वाट स्मरणरंजनाची, आणि आज बहुतेक गर्दी तिथेच आहे. विटांच्या भिंतीवर विरत चाललेली जुनी जाहिरात, सिनेमागृहाची उभी निऑन पाटी, रिकामी मेन स्ट्रीट, पहाटेचा निळा उजेड. तांत्रिकदृष्ट्या हे काम आज थक्क करणारं आहे. साध्या फोनच्या कॅमेऱ्यालाही अंधारातलं निऑन सांभाळता येतं, ड्रोनने घराच्या छपरावरून पाहता येतं. पण शंभरातले नव्वद फोटो एकमेकांचे भाऊ आहेत. ओसाडपणाला त्यांनी वातावरण करून टाकलं आहे, जणू मध्यवस्ती आपोआप, वयानुसार, निर्मनुष्य झाली. शहरांनाही हे सोयीचं आहे. नॅशव्हिलमध्ये पंखांचं एक म्यूरल आहे, ज्यापुढे फोटो काढून घ्यायला लोक रांग लावतात. भिंत आता इतिहास सांगत नाही, पार्श्वभूमी पुरवते.

बर्मिंगहॅमचं उदाहरण घेतो, कारण तिथे दोन्ही गोष्टी एका चौकात आहेत. १९२७ चं अलाबामा थिएटर आणि रस्त्यापलीकडचं १९१४ चं लिरिक. अलाबामाच्या उभ्या झगमगत्या पाटीचे असंख्य फोटो निघतात आणि ते देखणे असतात. लिरिकमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळ्या दाराने वरच्या सज्जात सोडत असत. २०१६ मध्ये थिएटर दुरुस्त होऊन उघडलं तेव्हा ते दार पुसून न टाकता इतिहास म्हणून जपलं गेलं. अटलांटाच्या फॉक्स थिएटरलाही असाच बाहेरून चढणारा जिना आहे. हे सगळं उघड्यावर आहे, पाच पावलांवर आहे. कॅमेरे मात्र पाटीकडे वळतात. मला इथे तक्रार सौंदर्याबद्दल नाही, निवडीबद्दल आहे.

चांगलं काम होत नाही असं मुळीच नाही. ते बहुधा सावकाश होतं आणि उशिरा कळतं. न्यू यॉर्कचा बॉल्डविन ली, चिनी स्थलांतरितांचा मुलगा, येल विद्यापीठात वॉकर एव्हन्सचा विद्यार्थी, १९८२ मध्ये नॉक्सव्हिलला शिकवायला गेला. पुढच्या वर्षापासून १९८९ पर्यंत तो तिपाईवरचा मोठा कॅमेरा घेऊन दक्षिणेतल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत फिरला. सुमारे दहा हजार निगेटिव्ह झाले. पुस्तक २०२२ मध्ये आलं! गुरूचं अवजड यंत्र त्याने घेतलं, गुरूचं अंतर घेतलं नाही. त्याच्या फोटोंत पोर्चवर, गल्लीच्या तोंडाशी उभी माणसं चित्राच्या रचनेत भागीदार आहेत. जॉर्जियातल्या बेनब्रिज गावी घरचं हार्डवेअरचं दुकान असलेला पॉल क्विलेकी चाळीस वर्षं आपल्याच काउंटीत फोटो काढत राहिला आणि त्याचं खरं पुस्तक तर मरणोत्तर, २०१३ मध्ये निघालं.

मार्क स्टाइनमेट्झने नॉक्सव्हिल आणि अटलांटा परिसरात बसथांब्यावर, पार्किंगच्या कठड्यावर, गाडीच्या बॉनेटवर बसलेली माणसं टिपली. या शहरांतलं रस्त्यावरचं जीवन म्हणजे आता मुख्यतः वाट पाहणं आहे, हे त्याच्याइतकं कुणी ओळखलेलं नाही. अटलांटाच्या हाय म्यूझियमने १९९६ पासून दक्षिणेवर फोटो काढण्यासाठी छायाचित्रकारांना आमंत्रण देण्याची जी मालिका चालवली आहे, त्यात त्याने अटलांटाचा विमानतळ घेतला. शहराचा सर्वांत गजबजलेला ‘रस्ता’ तोच आहे, तेव्हा निवड बिनतोड. याच मालिकेत मार्टिन पारही आला. त्याच्या पीचट्री स्ट्रीटच्या रंगीत, फ्लॅशने उजळलेल्या फोटोंत गंमत आहे, पण ते इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावरही निघाले असते. इतकी वर्षं, इतका पैसा आणि इतकी मोठी नावं घालूनही या मालिकेत डाउनटाउन मागेच पडलं; चार्ल्सटनला २०१८ मध्ये ५६ छायाचित्रकारांचं जे ‘साउथबाउंड’ प्रदर्शन झालं, त्याबद्दलही माझं हेच मत आहे. शेतं, दलदल, झुडपात हरवलेली घरं यांची ओढ अजून सुटत नाही.

पाटी नसलेल्या जागेला बोलतं करण्याचे दोन प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात. जेसिका इंग्रॅमने नागरी हक्कांच्या काळात जिथे खून झाले त्या जागा आजच्या अवस्थेत टिपल्या: कुंपण, दुकान, गवत. फोटोत काहीच घडत नाही, शेजारचा मजकूर वाचल्यावर तेच गवत पाहवत नाही. इथे शब्द कुबडी आहेत असा आक्षेप येतो. येऊ दे. एव्हन्सला भिंतीवर फुकट मिळणारे शब्द तिला स्वतः लिहावे लागले. डावूद बेने बर्मिंगहॅममध्ये वेगळी युक्ती केली. १५ सप्टेंबर १९६३ ला सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली ठार झाल्या आणि त्याच दिवशी शहरात दोन मुलगे मारले गेले. पन्नास वर्षांनी बेने त्याच वयाच्या मुलामुलींची आणि ती मुलं जगली असती तर आज ज्या वयाची असती, त्या वयाच्या प्रौढांची व्यक्तिचित्रं जोडीने मांडली. चर्चची इमारत दाखवलीच नाही.

न्यू ऑर्लिन्स या साऱ्याला अपवाद, कारण तिथे रस्ता अजून रस्ता आहे. रविवारी निघणाऱ्या ‘सेकंड लाइन’ मिरवणुका, मंडळांचे फेटे-पंखे, पितळी वाद्यं, मागे नाचत चाललेला मोहल्ला. मायकल पी. स्मिथने ही परंपरा दशकानुदशकं आतून टिपली. पण कॅमेऱ्यांची गर्दी आता नाचणाऱ्यांच्या वाटेत येते. मार्डी ग्रा इंडियन म्हणवणारे कृष्णवर्णीय कारागीर वर्षभर मणी आणि पिसं शिवून एक पोशाख करतात, छायाचित्रकार त्याचं कॅलेंडर छापतो, कारागिराला काही मिळत नाही. २०१० च्या सुमारास काहींनी आपले पोशाख शिल्प म्हणून कॉपीराइटखाली नोंदवायला सुरुवात केली. अमेरिकेत सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे हा वाद कायद्यापेक्षा हिशेबाचा आहे, आणि तो छायाचित्रकारांनी अंगाबाहेर टाकला आहे. लोअर नाइन्थ वॉर्डमधले कीथ कॅल्हून आणि चांड्रा मकॉर्मिक हे नवरा-बायको त्यात वेगळे ठरतात. त्यांचे शेजारी हेच त्यांचे विषय. २००५ च्या कॅटरिना वादळात त्यांच्या निगेटिव्ह पाण्यात गेल्या. रसायनं विरघळून जांभळे-पिवळे ओघळ आले, चेहरे अर्धे खाल्ले गेले. त्यांनी ते फोटो तसेच प्रदर्शनात मांडले. क्लेबॉर्नच्या पुलाखालून मिरवणूक जाते तेव्हा खांबांवर तोडलेल्या ओकची चित्रं रंगवलेली दिसतात. तिथे मात्र भिंतीने पुन्हा काहीतरी सांगायला घेतलं आहे.

रिचमंडच्या मॉन्युमेंट अव्हेन्यूवर १८९० पासून उभा असलेला, यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याचा पुतळा सव्वाशे वर्षं पोस्टकार्डासारखाच टिपला गेला: खालून, आभाळापुढे. २०२० च्या उन्हाळ्यात जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर चौथरा रंगीत घोषणांनी भरला, रात्री त्यावर चेहऱ्यांचे झोत टाकले गेले, दिवसा मुलं बास्केटबॉल खेळू लागली, पदवीचे झगे घालून तरुण तिथे फोटो काढून घेऊ लागले. काही महिन्यांत त्या एका चौकाचे जितके चांगले फोटो निघाले तितके आधीच्या शतकात निघाले नव्हते. ८ सप्टेंबर २०२१ रोजी पुतळा उतरवला. त्या उन्हाळ्याचं उत्तम काम स्थानिक लोकांचं होतं, आणि मला त्यातले गर्दीचे फोटो कमी आवडतात. दुपारच्या रिकाम्या वेळी चौथऱ्याच्या सावलीत डबा खाणाऱ्या माणसांचे जास्त.

एक मोठा प्रदेश मात्र जवळजवळ अस्पर्श आहे. अटलांटातली नवी वर्दळ डाउनटाउनमध्ये नाही, ईशान्येकडे ब्यूफर्ड हायवेवर आहे: कोरियन, व्हिएतनामी, स्पॅनिश पाट्या, एकेका संकुलात बेकरी, वकील, पैसे पाठवण्याचं दुकान, फो सूपची खानावळ. डिकेटरच्या बाजूला पटेल प्लाझात साडी, डाळ आणि चाट. उत्तरेकडच्या जॉन्स क्रीक, अल्फारेटाच्या उपनगरांत राहणारी मराठी कुटुंबंही किराण्यासाठी अशाच संकुलांत गाड्या लावतात. पाट्या आहेत, दारं आहेत, माणसं आहेत. पण सगळं रुंद रस्त्याच्या आणि पार्किंगच्या पलीकडे, आणि मोठ्या पट्ट्यांत फुटपाथ नीट नाही. रस्त्यावरचं छायाचित्रण ज्या चालत्या, जवळच्या नजरेवर उभं राहिलं, ती नजर इथे गाडीच्या काचेत अडकते. लांब लेन्सने पाट्या एकमेकींवर रचून दाखवणारे फोटो निघतात आणि ते दोन मिनिटांत कंटाळवाणे होतात. बसने येणारा स्वयंपाकी, सहा-सात पदरी रस्ता धावत ओलांडणारी बाई, दुकानाच्या मागच्या दाराशी सिगारेट ओढणारे दोघे, यांच्यापर्यंत पोचायचं तर गाडी सोडून दिवसच्या दिवस तिथे काढायला हवेत आणि निदान दोन भाषांत बोलता यायला हवं. वेल्टीकडे जे ओळखीचं भांडवल होतं, ते इथे त्या संकुलांत वाढलेल्या मुलामुलींकडे आहे. त्यांच्यातले काही कॅमेरा घेऊन लग्नांचे आणि पदवीदानाचे फोटो काढताना दिसतात, म्हणजे स्टुडिओचा धंदा सुरू झाला आहे. हाय म्यूझियमने पुढचं आमंत्रण बाहेरच्या मोठ्या नावाऐवजी त्यांच्यापैकी एकाला द्यावं.